ॲलर्जीच्या एका गोळीने झोप येते, दुसरीने नाही, असं का?

निळाई:
दोन वर्षं झाली, सकाळी उठलं की शिंकांचा सपाटा, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. आधी क्लोरफेनिरामिन दिलं होतं, त्याने नाक थांबायचं पण दिवसभर पेंग यायची. आता फेक्सोफेनाडीन घेतेय तर झोपेचा पत्ताच नाही. दोन्ही ॲलर्जीच्याच गोळ्या ना? आणि मावशीच्या अंगावर पित्त उठतं तिलाही याच जातीची गोळी, गाडी लागते त्यावरची प्रोमेथाझिन पण यातलीच म्हणे. हे सगळं एकाच औषधाने कसं काय?

रानवारा:
या सगळ्या गोळ्या हिस्टामिन नावाच्या रसायनाला अडवतात, म्हणून त्यांना अँटीहिस्टामिन म्हणतात. हे हिस्टामिन आपल्याच शरीरात असतं, मास्ट सेल नावाच्या पेशींमध्ये साठवलेलं. परागकण, धूळ, ज्याची ॲलर्जी असेल ते आलं की या पेशी ते बाहेर सोडतात, मग ते रक्तवाहिन्यांवर, नसांवर एच-१ रिसेप्टर (त्याच्या बसायच्या जागा) असतात तिथे जाऊन बसतं, वाहिन्या सैल होऊन पाणी झिरपतं आणि खाज, सूज, शिंका चालू. गोळी हिस्टामिन नष्ट करत नाही, फक्त त्याची बसायची जागा अडवते. म्हणूनच त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तर जास्त लागू पडते.
आता झोपेचं. मेंदूतही हिस्टामिन असतं आणि तिथे त्याचं काम आपल्याला जागं ठेवणं. क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिनसारख्या जुन्या गोळ्या मेंदूत सहज शिरतात, फेक्सोफेनाडीन जवळजवळ शिरतच नाही. सेटिरिझिन मधलं, काहींना पेंग येते. प्रवासातल्या मळमळीला मात्र मेंदूत शिरणारीच लागते, त्यामुळे तिथे जुन्याच कामाच्या.

सांजवेळ:
एक घोळ आपल्या भाषेमुळे होतो. अंगावर उठतं तेही पित्त आणि छातीत जळजळतं तेही पित्त! गंमत म्हणजे दोन्हीकडे हिस्टामिन आहेच, पण पोटातलं ॲसिड वाढवतं ते एच-२ रिसेप्टरवर बसून. त्याला फॅमोटिडीनसारखी वेगळी गोळी, सेटिरिझिनने जळजळ जाणार नाही. त्यामुळे दुकानात नुसती ‘पित्ताची गोळी द्या’ म्हणू नका, कुठलं पित्त ते सांगा. पहिल्या अँटीहिस्टामिनवर काम करणाऱ्या डॅनियल बोवे यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं, एच-२ वाली शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये.

माळरान:
हे वाचाच प्लीज. ॲलर्जीत ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, चक्कर आली तर या गोळीची वाट बघत बसू नका, तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. माझ्या बाबांना प्रोस्टेटचा त्रास होता, सर्दीसाठी आम्हीच अशी एक गोळी दिली आणि लघवी अडकली, रात्री कॅथेटर घालावा लागला. गोंधळल्यासारखंही होतं त्यांना.
निळाई, फेक्सोफेनाडीन फळांच्या रसाबरोबर घेऊ नकोस, औषध कमी शोषलं जातं.

निळाई:
अरे देवा, मी रोज संत्र्याच्या रसाबरोबरच घेत होते! उद्यापासून पाण्याबरोबर आणि रात्रीच घेऊन बघते, सकाळच्या शिंकांच्या आधी. माळरान, बाबा आता बरे आहेत ना?