अलिबागची जुनी टोपोशीट पूर्वेला का सरकते?

गोदाकाठ, नाशिक
अलिबाग-रेवदंडा किनाऱ्याची एकोणिसाव्या शतकातली टोपोशीट (सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा, एक इंचाला एक मैल) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतोय. चार कोपऱ्यांना छापील अक्षांश-रेखांश दिले, सीआरएस (निर्देशांक पद्धत) डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसची. या बिंदूंची सरासरी चूक दोन पिक्सेलच्या आत आहे, तरी कुलाबा किल्ला समुद्र सोडून अलिबागच्या पूर्वेला जमिनीवर येतो. स्कॅन नाशिकमध्येच रोलरच्या मोठ्या स्कॅनरवर केलाय, ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल). दोष स्कॅनचा असेल का?

रेखावृत्त
नाही. चारही कोपरे एकाच दिशेला सारखेच चुकले तर सरासरी चूक कमीच दिसणार. जुन्या शीटांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशाच्या जुन्या मूल्यावर बेतलेले आहेत. ते मूल्य पुढे सुधारलं. प्रत्येक रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा. अलिबागच्या अक्षांशावर ते ४.३ किलोमीटर भरतात. आधी समासातली टीप वाचा, बऱ्याच शीटांवर ही दुरुस्ती छापलेली असते. ४७ बी/१४ अशा नव्या क्रमांकाच्या शीटला मात्र ती लावू नका, नाहीतर किनारा तेवढाच पश्चिमेला जाईल.

गोदाकाठ, नाशिक
किल्ला पाण्यात आला, आभार! अजून शंभरेक मीटरचा फरक उरतोय.

रेखावृत्त
तो एव्हरेस्ट स्फेरॉइडचा, म्हणजे जुन्या भारतीय नकाशांसाठी मानलेल्या पृथ्वीच्या आकाराचा. जिओरेफरन्सरमध्ये (क्यूजीआयएसमधलं नकाशा बसवायचं साधन) सीआरएस कल्याणपूर १९७५ (यादीतला क्रमांक ईपीएसजी ४१४६) निवडा, डब्ल्यूजीएस ८४ मध्ये नंतर बदला. कागदावर हा फरक जेमतेम दोन मिलिमीटर, म्हणून नजरेतून सुटतो.

खाजण
एक कळकळीची विनंती: उरलेला फरक किनाऱ्याची रेघ ओढूनताणून जुळवू नका. नकाशातली रेघ भरतीची, उपग्रहचित्र कदाचित ओहोटीचं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, त्यावरून अंदाज घ्या. रेवदंड्याच्या खाडीत तर खाजणामुळे (भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल) कड ठरवणंच अवघड. पडताळणीला किल्ल्याचे बुरूज, कनकेश्वराचं देऊळ, त्रिकोणमितीचे बिंदू (सर्वेक्षणाच्या पक्क्या खुणा) घ्या.

रोलर कागद सरकण्याच्या दिशेने प्रतिमा किंचित ताणतो. त्यामुळे चार कोपऱ्यांवर न थांबता अक्षांश-रेखांशांच्या जाळीचे सगळे छेद घ्या आणि पॉलिनोमियल १ (सगळ्या नकाशाला एकसारखं ताणणारी, फिरवणारी पद्धत) वापरा. थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत नकाशा वाकवून प्रत्येक बिंदूवरची चूक शून्य दाखवते, म्हणजे चुकीचा बिंदूही बरोबर ठरतो. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ५.४ मीटरचा, एखादा छेद पाच-सहा पिक्सेल हटून दिसला तर तो पुन्हा टिपा. कापड चिकटवलेली शीट असेल तर रोलरमध्ये घालूच नका, घडीवर फाटते. ती सपाट स्कॅनरवर तुकड्यातुकड्याने करा, कडा एकमेकांवर येऊ द्या.