महाराष्ट्र केसरीची पुढची गदा कोणाची, आणि ती माती ठरवणार की गादी?

प्रश्न: कुस्तीशौकीन, पलूस

सर्व कुस्तीप्रेमींना सप्रेम नमस्कार. महाराष्ट्र केसरीच्या पुढच्या गदेसाठी आपण कोणाला दावेदार मानता, हे मला जाणकारांकडून ऐकायचे आहे. मात्र नुसती नावे सांगू नयेत, कोणत्या आधारावर मानता तेही सांगावे, कारण गेल्या काही वर्षांत हा आधारच डळमळीत झाला आहे असे मला मनापासून वाटते.

एकाच किताबाच्या आता दोन वेगवेगळ्या स्पर्धा होऊ लागल्या. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला सिकंदर शेख केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे. 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने गदा जिंकली आणि दोन महिने उलटायच्या आत कर्जतला वेताळ शेळकेने. यातला प्रत्येक मल्ल कष्टाने तिथवर पोहोचला आहे आणि कोणाचेही यश कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण 1961 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला सांगलीच्या दिनकर दह्यारींनी पहिला किताब मिळवला, तेव्हा राज्यात केसरी एकच होता आणि किताबाचा दराराही त्यामुळेच होता.

दुसरा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या जिव्हाळ्याचा आहे. स्पर्धेत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात, दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, पण ती लढत गादीवर होते. आमच्याकडचा पोरगा लहानपणी रेवड्यांच्या, म्हणजे बक्षीस म्हणून रेवड्या मिळणाऱ्या कुस्त्यांपासून सुरुवात करतो, जत्रांच्या मैदानात लाल मातीत वाढतो, आणि ऐन गदेच्या लढतीला त्याच्या पायाखालची माती निघून जाते. चंद्रहार पाटलांनी 2007 आणि 2008 मध्ये सलग दोनदा गदा आणली, त्यानंतर सांगलीच्या पुरुष मल्लाच्या खांद्यावर ती आलेली नाही. याला गादी कारणीभूत आहे का, आणि असेल तर अंतिम लढत मातीत घ्यावी असे आपणांस वाटते का?

उत्तर: जुना पठ्ठ्या, विटा

पलूसकर दादा, प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. मी तालमीतच वाढलो आणि माती व गादी दोन्हींवर खेळलो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दावेदार कोण, हे त्याच्या उत्तरावरच अवलंबून आहे.

हौदातली माती खणून, चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून मुरवलेली असते. ओल बरोबर असेल तर पाऊल तिच्यात रुतते, आणि पाऊल रुतले की पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला झेपावणाऱ्याचा वेग कमी होतो व अंगाने भारी असलेल्या मल्लाला तो रेटा अंगावर घ्यायला सवड मिळते. घामाने निसटणाऱ्या हातावर मूठभर माती चोळली की मनगट पुन्हा पकडीत येते. गादीवर यातले काहीच नाही. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, मध्ये तीस सेकंदांची उसंत मिळते, समोरच्याच्या पाठीमागे जाऊन कब्जा घेतला की दोन गुण मिळतात, नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर रेटले तरी एक गुण पडतो आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. खडाखडीत, म्हणजे उभ्याने झटापट करत पंधरा-वीस मिनिटे समोरच्याचा दम काढायचा आणि तो ढिला पडला की घिस्सा डाव ओढून त्याला अस्मान दाखवायचे, ही आपल्याकडच्या नामांकित मल्लांची रीत सहा मिनिटांच्या या हिशेबात बसत नाही.

असे असले, तरी गादीला दोष देणे मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर मातीतच घडले, आणि त्या दोघांनीही 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एकेक सुवर्ण व एकेक रौप्य आणले, तेही गादीवर. अलीकडचे पाहायचे तर 2018 मध्ये जालन्याला बाला रफिक शेख मातीतून आला आणि त्याने गादी विभागाच्या अभिजीत कटकेला गादीवरच हरवले. फुलगावला सिकंदरही माती विभागातूनच आला होता आणि त्याने राक्षेला काही सेकंदांत चितपट केले. तेव्हा माती आड येत नाही, आड येते ती सरावाची तफावत. स्पर्धेच्या माती विभागातही कुस्ती गुणांवरच चालते. आपले मल्ल मात्र वर्षातले बहुतेक महिने निकाली (चितपटीवर सुटणाऱ्या कुस्त्यांची) मैदाने करतात, कारण खुराकाचा पैसा तिथूनच येतो, आणि स्पर्धा तोंडावर आली की गादी शोधायला निघतात.

म्हणून माझ्या दृष्टीने दावेदार तोच, ज्याच्याकडे दोन्हींचा सराव आहे. या कसोटीवर मी पृथ्वीराज पाटीलला वरच्या ओळीत ठेवतो. त्याने 2022 मध्ये साताऱ्यात गदा जिंकली, आणि त्याआधी 2021 मध्ये कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत 92 किलो वजनात कांस्यपदकही मिळवले होते. हर्षवर्धन सदगीरला विसरून चालणार नाही. पृथ्वीराज मोहोळ आणि वेताळ शेळके तर गदाधारीच आहेत, आणि या दोघांची एकमेकांशी गदेची लढत पाहायला मिळावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

उत्तर: अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याहून, सातारा

विट्याच्या दादांनी 2022 चा उल्लेख केला म्हणून लिहितो. ती स्पर्धा आमच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर झाली आणि अंतिम लढतीला मी प्रेक्षकांत होतो. आदल्या दिवशी वळवाच्या पावसाने आखाड्याची पार दैना केली होती, तरी दुसऱ्या दिवशी बसायला जागा उरली नव्हती. मातीतून विशाल बनकर आला होता, गादीतून पृथ्वीराज पाटील. बनकरने आधी आघाडी घेतली, पाटील पिछाडीवर पडला, आणि तिथून एकेक गुण वसूल करत त्याने कुस्ती 5-4 अशी काढली. दोन दशकांनी गदा कोल्हापूरकडे गेली. माझ्या शेजारी एक वयस्क वस्ताद बसले होते. निकाल लागल्यावर ते शांतपणे एवढेच म्हणाले, “पाठीला काय लागलं नाही.” कोणीच चितपट झाले नसल्याने त्यांच्या लेखी ती कुस्ती अजून सुटलीच नव्हती.

त्या वस्तादांविषयी मला पूर्ण आदर आहे, पण गुणांची कुस्ती ही कमअस्सल असे मी मानत नाही. शेवटच्या मिनिटात एका गुणाने मागे असलेल्या मल्लाच्या छातीत काय धडधड होत असेल, ते ती लढत पाहिलेल्यालाच कळेल. निकाली मैदानातही सगळ्याच कुस्त्या निकाली होतात असे कुठे आहे? कितीतरी मोठ्या जोडी तासभर झुंजून बरोबरीत सोडवल्या गेल्या आहेत, आणि आता तर अनेक मैदानांत वेळ संपली की गुणांवर निकाल लावतात. बदल मैदानातही आला आहे, फक्त त्याची चर्चा होत नाही.

मला खरी चिंता वाटते ती पंचगिरीची. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर यांच्या लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांवरून गावोगाव वाद पेटला. अहिल्यानगरला चितपटीच्या निर्णयावरून त्याहून वाईट घडले आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात उगारणे किंवा पाय उचलणे याचे समर्थन मी कधीही करणार नाही, पण वाद होताच चित्रफीत मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखवली आणि निर्णयामागचे कारण ध्वनिक्षेपकावरून सांगितले, तर निम्म्या वादांना तोंडच फुटणार नाही. अंतिम लढत मातीत घ्यायची की गादीवर, यापेक्षा ही सुधारणा मला अधिक निकडीची वाटते.

उत्तर: कोयनाकाठची लेक, कराड

आपण सर्वांनी दावेदार म्हणून जी नावे घेतली, ती सर्व केसरी गटातली, म्हणजे 86 ते 125 किलो वजनाची आहेत. या गटाबाहेरच्या मल्लाला आपल्या चर्चेत जागाच नसते, याचे मला फार वाईट वाटते. माझे सासर गोळेश्वरपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या गावच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले ते बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोपर्यंतच्या वजनात. त्यानंतर सुशील कुमार, योगेश्वर दत्त, रवी दहिया, बजरंग पुनिया आणि 2024 मध्ये पॅरिसला अमन सेहरावत यांनी पदके आणली, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही गट 66 किलोच्या वरचा नव्हता. आपल्या बीडच्या राहुल आवारेने 2019 मध्ये जागतिक कांस्य जिंकले तेही 61 किलोत. आजच्या नियमाने खाशाबांना महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी लंगोट कसता आला नसता. गदा, गाडी आणि कौतुक सगळे एकाच गटाकडे जात असल्याने, अंगाने बारीक पण चपळ पोरालाही घरचे लोक वजन वाढवायला लावतात, असे मी आमच्या भागात डोळ्यांनी पाहते. परंपरा बदलायचीच असेल, तर आधी ही बदलावी.

आणखी एक गोष्ट. पलूसकर दादांनी “पुरुष मल्ल” असा शब्द जपून वापरला, त्याबद्दल त्यांचे आभार, कारण मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि अंतिम लढतीत कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने उचलली. ज्या तालमींच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणसाने पाऊल ठेवू नये असा दंडक होता, त्यातल्या काही तालमींत आज मुली पहाटे जोर-बैठका मारतात. माझी भाचीही त्यांतलीच एक. ती गादीवरच शिकली, मातीचा आग्रह तिच्यापुढे कोणी धरला नाही, आणि मला वाटते याच कारणाने मुली या वादापासून मोकळ्या राहिल्या आहेत.

उत्तर: यात्रा कमिटी, आटपाडी तालुका

थोडक्यात लिहितो. आमच्या यात्रेच्या मैदानाचे काम मी पाहतो. गादी घेणे आमच्या वर्गणीत बसत नाही, आणि समजा बसले तरी लोक हलगीच्या ठेक्यावर लाल मातीतली कुस्ती पाहायला येतात, गादी मांडली तर शेवटच्या जोडीपर्यंत थांबणार नाहीत. म्हणून मैदाने मातीतच राहावीत. मात्र लहान गटांच्या काही जोडी सहा मिनिटांच्या वेळेत आणि गुणफलक लावून खेळवायला आमची हरकत नाही. पोरांना नियम अंगवळणी पडतील आणि मैदानही वेळेत संपेल. वजनाच्या मुद्द्यावर कराडच्या ताईंशी मी सहमत आहे. पुढच्या यात्रेत हलक्या वजनाच्या एका जोडीला चांगले इनाम लावण्याचा विषय कमिटीपुढे मांडणार आहे.

प्रतिसाद: कुस्तीशौकीन, पलूस

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मारुती माने आणि आंदळकरांचे उदाहरण वाचल्यावर अंतिम लढत मातीत घेण्याचा आग्रह मी सोडतो. पण विट्याच्या दादांना एक विचारायचे आहे. आमच्या गावात सोळा-सतरा वर्षांची तीन-चार पोरे चांगली तयार होत आहेत. तालमीत गादी नाही. त्यांनी नेमके काय करावे?

उत्तर: जुना पठ्ठ्या, विटा

दादा, तालुक्याला किंवा जिल्हा क्रीडा संकुलात जिथे गादी असेल तिथे आठवड्यातून दोन दिवस पोरांना पाठवा, आणि उरलेले दिवस मातीतच मेहनत करू द्या, कारण मान, मनगट आणि कंबर मातीइतकी दुसरीकडे कुठे तयार होत नाही. मातीत सराव घेतानाही घड्याळ लावा. तीन मिनिटे, तीस सेकंद, पुन्हा तीन मिनिटे. फक्कीने वर्तुळ आखा, आणि जो बाहेर गेला त्याच्या समोरच्याला गुण द्या. पहिल्या मिनिटात पट काढलाच पाहिजे अशी अट घाला. ढाक आणि घिस्सा हे मातीतले डाव त्यांच्या अंगात आहेतच, ते कुठे जात नाहीत. आणि त्यांतला एखादा साठ किलोचा असेल, तर कृपा करून त्याला शंभर किलोचा करू नका.