वाणी जयराम : मुंबईने घालवल्या की मद्रासने कमावल्या?

खर्जातला
गायिका वाणी जयराम यांचं नाव निघालं की आपल्याकडे ठरलेली रडकथा सुरू होते. 1971 साली 'गुड्डी'तलं 'बोले रे पपीहरा' गाजलं, पुढे मुंबईत डाळ शिजली नाही, बिचाऱ्या मद्रासला परतल्या. बिचाऱ्या कशाच्या? वेल्लूरचा जन्म, कर्नाटक संगीताची बैठक, वर बँकेतली नोकरी. लग्नानंतर मुंबईत आल्या तेव्हा उस्ताद अब्दुल रहमान खाँकडे हिंदुस्थानीही शिकल्या. 1974 मध्ये एम. एस. विश्वनाथन यांच्या चालीवरचं 'मल्लिगै एन मन्नन मयंगुम' तमिळनाडूत घरोघरी पोचलं आणि लगेच 1975 च्या 'अपूर्व रागंगळ'साठी राष्ट्रीय पुरस्कार. ही माघार असेल तर अशी माघार कुणीही आनंदाने घेईल.

माटुंगेकर
जरा दमानं. त्यांचे राष्ट्रीय पुरस्कार तीन, त्यातला तमिळ एकच. 'शंकराभरणम्' आणि 'स्वातिकिरणम्' दोन्ही तेलुगू, दोन्ही दिग्दर्शक के. विश्वनाथ यांचे, संगीत के. व्ही. महादेवन यांचं. तमिळमध्ये गायिका पी. सुशीला आधीच ठाण मांडून होत्या. 1976 ला 'अन्नक्किळि'तून संगीतकार इळैयराजा आले आणि गायिका एस. जानकींचे दिवस सुरू झाले. वाणीबाईंच्या वाट्याला काय? राग अवघड, ताना अवघड, बोलवा त्यांना! बाकी वेळी दुसरं कुणीतरी. मला तर हे मानाने कोपऱ्यात बसवणं वाटतं.

खर्जातला
'अळगे उन्नै आराधिक्किरेन' (1979) मधलं 'नाने नाना यारो ताना' ऐकलंय का? चाल इळैयराजांचीच, गाणं पार्टीतलं, जरासं झिंगलेलं. कोपऱ्यातल्या बाईला असं गाणं देतात होय!

माटुंगेकर
ऐकलंय, आवडतंही. पण तशी मोजा बरं किती निघतात.

सांबारवडी
तुमचं चालू द्या, मी मराठीबद्दल बोलते. 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' हे कुमार गंधर्वांबरोबरचं गाणं आणि 'गुड्डी', दोन्ही संगीतकार वसंत देसाईंनी दिलं. कुमारांच्या शेजारी उभं राहून न बुजता गाणं काय असतं ते कान देऊन ऐका, मग वाद घाला. (मराठी उच्चारात दाक्षिणात्यपणा शोधून दाखवा, पैज.) 1975 च्या डिसेंबरात देसाई लिफ्टच्या अपघातात गेले. मुंबईतला हक्काचा माणूसच राहिला नाही. मुंबईत कोणी वाणीबाईंची वाट अडवली या कहाण्या मला कुणी पुराव्यासह सांगितलेल्या नाहीत. आणि मुंबईने दार लावलंच होतं असंही नाही. 1979 च्या 'मीरा'तली भजनं रविशंकरांनी त्यांच्याकडूनच गाऊन घेतली, फिल्मफेअरही मिळालं.

माटुंगेकर
लताबाईंनी नाही म्हटल्यावर! म्हणजे इथेही दुसऱ्या पसंतीच्याच.

सांबारवडी
पसंती दुसरी असेल, गाणं पहिल्या प्रतीचं आहे. 'स्वातिकिरणम्'मध्ये तर त्या एका लहान मुलासाठी गायल्यात, तेव्हा वय पंचेचाळीसच्या पुढे. असा आवाज मिळाल्यावर क्रमांक कसले लावता?

माटुंगेकर
क्रमांक मी नाही, व्यवस्थेने लावले. पद्मभूषण सुशीलांना 2008 मध्ये, जानकींना 2013 मध्ये (उशीर झाला म्हणून त्यांनी नाकारलं), वाणीबाईंना 2023 मध्ये. जानेवारीत जाहीर झालं, 4 फेब्रुवारीला त्या गेल्या.

खर्जातला
दिल्लीच्या यादीवरून मद्रासमधली कारकीर्द मोजायची नसते.

माटुंगेकर
मग वर राष्ट्रीय पुरस्कार कशाला काढला होतात? तोही दिल्लीचाच.