मदत हवी आहे: योसेमिटीत नदीकाठी तंबू, सोबत लहान मूल

नमस्कार मंडळी, जूनच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, योसेमिटी व्हॅलीतल्या लोअर पाइन्स कॅम्पग्राउंडला मर्सेड नदीजवळची जागा मिळाली आहे. सोबत सासूबाई आणि चार वर्षांची लेक. तेव्हा बर्फ वितळून नदी फुगलेली असते, पाणी बर्फासारखं गार आणि ओढ जबरदस्त. माझा जीव तिथेच अडकलाय. लेक झोपेतून उठून एकटी बाहेर पडते हो! तंबूचं दार नदीकडे नको ना? चेनला आतून काही लावता का?

टूथपेस्ट, साबण, वाइप्ससुद्धा अस्वलांना उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत ठेवायचे, हे वाचलंय. मग रात्री लागणारं गोड वासाचं खोकल्याचं औषधही तिथेच ना?

सासूबाईंचे गुडघे दुखतात, फोल्डिंग खाट चालेल का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.