ब्रेकपॉइंट (मांडणी जिथं बदलते ती रुंदी) कंपोनंटमध्ये लिहायचे तर कंटेनर क्वेरी बघा
भाऊ, वेबपेजच्या CSS मध्ये प्रत्येक कंपोनंटची (पेजचा कार्डासारखा सुटा तुकडा) मीडिया क्वेरी, म्हणजे रुंदीनुसार मांडणी बदलणारा नियम, त्याच्याच फाइलमध्ये लिहावी हे तुमचं म्हणणं पटतं, पण मीडिया क्वेरी बघते स्क्रीनची (खरं तर ब्राउझरच्या खिडकीची) रुंदी, कार्डाला किती जागा मिळाली ते तिला कळतच नाही. आमचं जळगावला केळीच्या भावाचं कार्ड आहे, रावेर, सावदा, यावल असे तीन कॉलम, मेन पेजवर मस्त दिसतं अन् तेच साइडबारमध्ये टाकलं की स्क्रीन १२०० पिक्सेलची म्हणून तीन कॉलम तसेच राहतात आणि भावाचा आकडा एका ओळीत, क्विंटल खालच्या ओळीत. तिथं कंटेनर क्वेरीच पाहिजे, ती कार्ड ज्या डब्यात बसलंय त्याची रुंदी बघते अन् २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरात चालते. फक्त कंटेनर-टाइप (हा डबा मोजा असं सांगणारी CSS ची ओळ) कार्डाच्या बाहेरच्या डिव्हला, म्हणजे त्या डब्याला द्या, कार्ड स्वतःलाच मोजू शकत नाही. मेनू आणि पेजच्या लेआउटला मात्र मीडिया क्वेरीच बरी.