वलंगकरांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र : पाटी आधी की संग्रह?

दापोलीकर
नमस्कार मंडळी. वाडीतल्या बंद शाळेची चिऱ्याची खोली दलित चळवळीचे आद्य कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकर यांच्या नावाच्या केंद्रासाठी मिळते आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे कागद-ग्रंथ जपणारं शॉम्बर्ग केंद्र डोळ्यांसमोर आहे. सुरुवात पाटी-पुतळ्यापासून करावी का? आणि जुनी पत्रं, फोटो इथल्या पावसाळ्यात टिकवायचे कसे?

ग्रंथपाल
पाटी शेवटी. आर्तुरो शॉम्बर्ग यांचा संग्रह न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या १० हजार डॉलरांतून घेतला. ५ हजारांवर ग्रंथ, ३ हजार हस्तलिखितं! १९३८ मध्ये ते वारले आणि संग्रहाला त्यांचं नाव लागलं ते १९४० मध्ये. अमेरिकेतल्याच शार्लट शहराचं आफ्रिकन-अमेरिकन केंद्रही १९७४ पासूनचं. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हार्वी गँट यांचं नाव त्याला पुष्कळ नंतर मिळालं.

वलंगकर स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले, आणि दापोली तर लष्करी पेन्शनरांचं गाव. तेव्हा त्या घरांतल्या ट्रंका आधी बघा. पेन्शनचे कागद, अर्जांच्या नकला, मंडळांचे जमाखर्च, जे असेल ते. मूळ कागद कुणी देत नसेल तर स्कॅन करून परत करा. कागद ४०० डीपीआयला (म्हणजे इंचाला तितके ठिपके), फोटो ६००.

जांभा
खरा शत्रू ओल. चिरा पाणी धरून ठेवतो, म्हणून लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. लाकडी फळीला वाळवी लागते. कौलं आणि पागोळ्यांचा निचरा मिरगाआधी बघून घ्या. कपाटात आर्द्रतामापक हवाच: काटा ५०-५५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, ६५ च्या वर राहू लागला की बुरशी आलीच समजा. सिलिका जेलच्या पुड्या बंद डब्यातच ठेवा; उघड्या कपाटात त्या दोन दिवसांत संपतात.

लॅमिनेशन अजिबात नको, ते परत सुटत नाही आणि उष्णतेने कागद बिघडतो. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. टाचण्या, स्टेपल काढा, गंजाने भोकं पडतात. अल्बमला चिकटलेला फोटो ओढू नका, पानासकट स्कॅन करा. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला.

ग्रंथपाल
एक राहिलं. कागद घेताना दोन प्रतींत पावती करा: कुणी दिला, कायमचा की ठेवायला, फोटोत डावीकडून कोण कोण. ही नावं त्याच बैठकीत लिहून घ्या. ओळखणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत.