विषय: अक्रोडाचं टेबल, घ्यावं का?

नमस्कार मंडळी,
आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी वृद्धाश्रमात जातायत. जेवणाचं अक्रोडाचं टेबल आम्हाला देऊ करतायत, ‘बरोक आहे’ म्हणाल्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय शैलीचं. पाय पीळदार, दोन्ही टोकांच्या फळ्या ओढल्या की बाराजण आरामात बसतील. नवरा म्हणतो, तीनशे वर्षांचं लाकूड घरात आणून पूजा करायची का? खरंच तेवढं जुनं असेल? असलं तर कोजागरी आमच्याकडे.
– स्मिता, विंटरथूर (स्वित्झर्लंड)

स्मिता,
निवृत्तीनंतर इथल्या एका सुताराकडे मी लुडबुड करतो, तेवढ्या अधिकाराने सांगतो. आधी टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवी हो. वरून पॉलिश कुणालाही शोभतं. खाली कमानीसारख्या गोल खुणा असतील, तर त्या यंत्रावरच्या गोल करवतीच्या, म्हणजे माल एकोणिसाव्या शतकातला किंवा नंतरचा. हातकरवतीच्या खुणा सरळ, पण कमी-जास्त अंतरावर असतात. मग पायाचा गोल भाग दोन बाजूंनी मोज. लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही, म्हणून जुना गोल पाय किंचित लंबगोल झालेला असतो.
फळ्या ओढायच्या युक्तीवर जाऊ नकोस, ती बरोकच्याही आधीची, सोळाव्या शतकातली. फळी तिरप्या पट्ट्यांवरून वर सरकते आणि मधला पाट खाली बसतो. बिजागरी नाही, काही नाही. मला तर टेबलातलं हेच सगळ्यात आवडतं.
अक्रोडाचं म्हणशील तर १७०९च्या थंडीत युरोपातली ही झाडं इतकी मेली, की १७२०मध्ये फ्रान्सने या लाकडाची निर्यात थांबवली. इंग्रज पुढे महोगनीकडे वळले.
– काका, बासेल

काका,
झोपले टेबलाखाली. खुणा गोलच! नवरा भलताच खूश.
– स्मिता

अगं, मग ते जुन्या शैलीची हौस आली होती त्या काळातलं, १८७०-८०च्या पुढचं असेल. तरी घे, अस्सल अक्रोड आहे. फक्त तासून चकचकीत करू नकोस. आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा टेकव. चिकट लागलं तर पॉलिश लाखेचं. त्या काळी लाख आपल्याकडूनच यायची, म्हणजे टेबलाचं माहेर अर्धं भारतातच! पण लाखेला गरम सोसत नाही. कुकर थेट ठेवलास की पांढरं वर्तुळ उठलंच.
– काका

मंडळी, शनिवारी सकाळी चार धडधाकट माणसं हवीत. एकच मजला खाली आणायचंय, पण जिना वळणाचा आहे. फळ्या आधी काढून ठेवू. पोहे माझ्याकडे. आणि कोजागरीचं मसाला दूध बाल्कनीत, थंडी वाजली तरी.
– स्मिता